ख्रिस्ती बालवर्गातील गाणे-वाजवणे: सातारा-सांगलीची पार्श्वभूमी

अनेक मंडळ्यांच्या (चर्चच्या) संडे स्कूलमध्ये, म्हणजे रविवारच्या धर्मवर्गात, अडीच ते पाच वर्षांच्या मुलांचे संगीत म्हणजे मोबाईलला जोडलेला स्पीकर आणि समोर हातवारे करणाऱ्या बाई. मुले हातवारे पाहतात, थोडेफार करतातही, पण गात नाहीत. ही पद्धत परंपरेतून आलेली नाही. या भागात मुलांना टाळी देत, वाजवत, ध्रुपद (गाण्याची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) उचलत गायला लावणाऱ्या गोष्टी फार आधीपासून होत्या. फक्त त्या वेगवेगळ्या वाटांनी आल्या आणि एका वर्गात क्वचितच एकत्र आल्या.

अमेरिकन मराठी मिशनचे साताऱ्याचे केंद्र १८४९ चे. सांगलीत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन १८८४ मध्ये आले, मिरजेत १८९२ मध्ये, आणि दोनच वर्षांत तिथे डॉ. वानलेस यांचे रुग्णालय उभे राहिले. या मिशनऱ्यांनी आपली गीते आणली आणि त्यांच्या चालींवर मराठी शब्द बसवले. अडचण तिथेच होती. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ बदलले की शब्द ओळखू येत नाही आणि परक्या चालीचा लांब स्वर बरेचदा नेमका ऱ्हस्व अक्षरावर पडतो. मोठी माणसे हातातले पुस्तक पाहून निभावून नेतात, चार वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. म्हणून गीत निवडताना आधी चाल बाजूला ठेवून शब्द नुसते बोलून पाहावेत, मग चालीत म्हणावेत. दोन्हींत फार अंतर पडत असेल तर ते गीत बालवर्गासाठी नाही, मंडळीत ते कितीही लाडके असले तरी.

दुसरी वाट इथल्याच मातीतली. १८६०च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरात ख्रिस्ती कीर्तन सुरू झाले. कृष्णराव सांगळे यांनी कीर्तने रचली, गीतेही लिहिली आणि ती मंडळ्यांत रुजली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि ओवी उपासनेत आणली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यात आले आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समूह त्यांनी इथेच मांडला. बालवर्गाच्या दृष्टीने या परंपरेतली मोलाची गोष्ट तिची घडण आहे. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुपद धरायचे, हातात टाळ नाहीतर नुसती टाळी. वाचता न येणाऱ्याला यात पहिल्या मिनिटापासून जागा मिळते.

मग हे बालवर्गात उतरले का नाही? संडे स्कूलचा साचा वेगळा होता. रॉबर्ट राइक्स यांच्या ज्या ग्लॉस्टरच्या शाळांमुळे १७८० नंतर ही चळवळ पसरली, त्या कामकरी मुलांना वाचायला शिकवण्यासाठी होत्या. भारतात इंडिया संडे स्कूल युनियन १८७६ मध्ये स्थापन झाली, तेव्हाही भर वचन पाठ करणे, प्रश्नोत्तरे आणि परीक्षा यांवर होता. अशा वर्गात सगळ्यात लहान मुलांनी मागे गप्प बसायचे. त्यांच्यासाठी खरा विचार बालवाडीच्या अंगाने झाला. बालवाडीच्या (किंडरगार्टनच्या) कल्पनेचे जनक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत काम सुरू केले आणि १८४४ च्या पुस्तकात आई-मुलांची बोटांच्या खेळांची गाणी दिली. सोलापुरात अमेरिकन मिशनने बालवाडी आणि तिच्या शिक्षिकांचे प्रशिक्षण चालवले. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारला आणि पुढे बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह बिया, खडे, शिंपले अशा आसपासच्या वस्तूंतून शिकवण्याची पद्धत बसवली. मुलाच्या हाताला काम हवे हे बालवाडीने मान्य केले, पण ती सोमवार ते शनिवार. रविवारी पुन्हा पाठांतर.

आज हाताने करण्याच्या उपासनेची साधने ठरवताना स्तोत्रसंहितेतले शेवटचे, १५०वे स्तोत्र सोयीचे पडते. शिंग, वीणा, डफ, पावा, झांजा सगळे एकाच ठिकाणी आहे. सगळी वाद्ये एका रविवारी करू नयेत. एक वाद्य, दोन रविवार हे प्रमाण बरे.

खुळखुळ्यापासून सुरुवात सोपी. शंभर-दीडशे मिलिलिटरच्या सहा अपारदर्शक, सारख्या बाटल्या घ्या. दोनांत दोन-दोन चमचे शाळू, दोनांत तूर, दोनांत सात-आठ चिंचोके. शाळू सरसरतो, चिंचोका ठोके देतो. मुलांनी आधी आवाजाच्या जोड्या लावायच्या (माँटेसरींच्या ध्वनी-नळ्यांचा हाच खेळ आहे), वाजवत गाणे त्यानंतर. चूक बहुधा भरण्यात होते. बाटली एकतृतीयांशाच्या वर गेली की दाण्यांना हलायला जागा उरत नाही आणि आवाज मरतो. धान्य उन्हात खडखडीत वाळवून, थोडे भाजून घातले नाही तर पावसाळ्यात आत पोरकिडे होतात. झाकण मोठ्यांनी डिंकाने चिकटवून वरून चिकटपट्टी गुंडाळायची. तूर आणि चिंचोका नाकात किंवा घशात जाण्याइतकेच असतात, म्हणून तीन वर्षांखालच्या मुलांसमोर बाटल्या भरूच नयेत, भरून आणाव्यात.

डफासाठी भरतकामाची सहा इंची लाकडी रिंग आणि पाच घुंगरे पुरतात. घुंगरे नायलॉनच्या दोऱ्याने, प्रत्येकी तीन वेढे आणि दोन गाठी देऊन बांधायची. साध्या सुती दोऱ्याने बांधलेली काही रविवारांतच सुटतात. हा डफ मोशेची बहीण मिर्याम हिच्या गोष्टीबरोबर द्यावा (निर्गम १५). समुद्र ओलांडून झाल्यावर स्त्रिया डफ घेऊन निघाल्या, म्हणून मुलांनीही खोलीत एक फेरी चालत वाजवायचे. बसून वाजवायला लावले की घुंगरू जमिनीवर आपटत राहते.

वीणेच्या बाबतीत सांगली जिल्ह्याइतके नशीबवान ठिकाण शोधून सापडणार नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, फरीदसाहेब सितारमेकर यांच्या काळापासून, तंतुवाद्ये बनतात. भोपळे मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. असे असून कित्येक संडे स्कूलमध्ये वीणा फक्त रंगवायच्या चित्रात भेटते. दुकानात नेता आले तर एका वेळी पाच-सहा मुले न्यावीत, कोरा भोपळा हातात द्यावा, एक तार छेडू द्यावी आणि पॉलिश चालू असेल त्या खोलीपासून लांब ठेवावे. वर्गात बुटांच्या जाड खोक्यावर तंबोऱ्यासारख्या चार तारा, म्हणजे चार रबरबँड, ताणायचे आणि त्यांच्याखाली घोडी म्हणून आडवी पेन्सिल सरकवायची. पेन्सिल नसेल तर रबर पुठ्ठ्याला चिकटून नुसता थपथपतो. खोके मऊ असेल तर मधे दबते आणि सगळे रबर ढिले पडतात. ताणण्याचे काम मोठ्यांचे, कारण सुटलेला रबर डोळ्यावर बसतो. या वीणेचा आवाज इतका बारीक असतो की गाण्याबरोबर ती ऐकूच येत नाही. तिची जागा शौल राजापुढे दावीद वाजवतो त्या गोष्टीत आहे: एकाने छेडायचे, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचे.

गाण्याची पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुरावर सा धरायचा, हा सर्वांत दुर्लक्षित भाग. मंडळीत पेटी पुरुषांच्या सोयीने काळी एक-दोनवर लागते आणि संडे स्कूलमध्येही तीच राहते. या वयाची मुले मधल्या सप्तकात साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा एवढ्याच टप्प्यात मोकळी गातात. त्यामुळे सा पांढरी दोनवर धरून सा ते प यांत बसणारी चाल घ्यावी. वरच्या सा पर्यंत गेले की मुले ओरडतात, मंद्रात (खालच्या सप्तकात) उतरले की नुसती बोलतात, आणि मग ‘यांना सूर नाही’ असा शेरा बसतो. लयही मोठ्यांची चालत नाही. मुले आपणहून वाजवतात ती गती मिनिटाला सुमारे १२० ठोक्यांची किंवा त्याहून जलद. संथ भजन त्यांना धरवत नाही, चालत्या केरव्यात (आठ मात्रांच्या ठेक्यात) तेच ध्रुपद लगेच बसते.

बारा मुलांचा वर्ग असेल तर वेळ पंधरा मिनिटांच्या पुढे नेऊ नये. घंटा, ध्रुपद दोनदा रिकाम्या हातांनी, मग टोपलीतून वाद्ये, दोन कडवी, वाद्ये परत टोपलीत, आणि शेवटी एकेकाने एका गोष्टीसाठी देवाचे आभार. वाद्ये आधी वाटली तर गाणे सुरूच होत नाही. पहिल्या दिवशी बाराही जणांना एकच वाद्य द्यावे. चार डफ आणि आठ खुळखुळे नेले की सगळ्यांना डफच हवा असतो. थांबण्याची खूणही आधी, वाद्य हातात नसताना, खेळ म्हणून घ्यावी: बाईंची मूठ मिटली की आवाज बंद.

नाताळच्या कार्यक्रमासाठी नोव्हेंबरपासून रविवार खर्ची पडतात तेव्हा हे सगळे मोडते. रंगमंचावर ध्वनिमुद्रित गाणे लावायचे ठरले की मुलांनी गाण्याची गरजच उरत नाही. कार्यक्रम हवाच असेल तर वर्षभर म्हटलेले एक ध्रुपद आणि मुलांनीच बनवलेले खुळखुळे एवढ्यावर भागते, वेगळी तालीम लागत नाही.