बोअरच्या पाण्याचे नव्हेत हे खडे

आत्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी तिच्या पित्ताशयातले खडे एका पारदर्शक डबीत घालून दिले. वाटाण्याएवढे, पिवळसर, एकमेकांवर घासून कडा चपट्या झालेले. सोलापुरात तिच्या घरी जो येईल त्याला ती डबी दाखवते आणि म्हणते, "बघ की, आपल्या बोअरच्या पाण्यानं काय करून ठेवलंय." येणाराही मान डोलावतो. पाणी जड आहे, भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतो, तेव्हा पोटातही तोच थर धरला असणार, हा हिशोब सगळ्यांना पटतो. कुणी टोमॅटोच्या बियांना दोष देतं, कुणी पेरूच्या.

पण आपण गिळलेलं पाणी किंवा बी पित्ताशयात पोचतच नाही. आत्याच्या डबीतले खडे मुख्यतः कोलेस्टेरॉलचे आहेत, म्हणजे चरबीच्या जातीच्या पदार्थाचे. आणि ते घडवण्यात ज्यांचा हात असतो, ते पित्ताशयापासून बरेच खाली, मोठ्या आतड्यात राहतात.

आधी 'पित्त' या शब्दाचा घोळ मिटवायला हवा, कारण त्यापायी माणसं वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढतात. आपण 'पित्त झालंय' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाबद्दल बोलत असतो. खरं पित्त यकृतात तयार होतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर. त्यातलं काही पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत साठतं आणि तिथे घट्ट होतं. पिशवीत मावतं जेमतेम 30 ते 50 मिलिलिटर. तेलकट जेवण लहान आतड्यात उतरलं की पिशवी आकुंचन पावते आणि पित्त आतड्यात पडतं. खडा अडला तर दुखतं ते इथे, उजव्या बरगडीखाली, आणि कळ पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते. आत्यानं दोन वर्षं त्यावर मोरावळा खाल्ला.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तात ते टिकतं ते पित्ताम्लं (यकृतात बनणारी पित्तातली आम्लं) आणि लेसिथिन (एक स्निग्ध पदार्थ) यांच्यामुळे. साबण जसा तेलाला वेढून पाण्यात तरंगत ठेवतो, तसं हे दोघं कोलेस्टेरॉलला धरून ठेवतात. या तिघांचं प्रमाण किती असलं तर पित्त नितळ राहतं आणि किती झालं की स्फटिक धरतात, हे ॲडमिरंड आणि स्मॉल या अमेरिकी संशोधकांनी 1968 साली एका त्रिकोणी आलेखात मांडलं. कोलेस्टेरॉल जास्त झालं, किंवा पिशवी नीट रिकामी होईनाशी झाली, की कण धरायला लागतात. गरोदरपण, वाढतं वय, लठ्ठपणा, फार दिवसांचे कडक उपवास, झपाट्यानं उतरवलेलं वजन ही सगळी कारणं याच वाटेनं जातात.

आता जंतूंकडे येऊ. यकृतानं बनवलेली पित्ताम्लं काम झाल्यावर वाया जात नाहीत. जवळजवळ 95 टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत रक्तात शोषली जातात, यकृतात पोचतात आणि पुन्हा पित्तात उतरतात. दिवसातून अशा कितीतरी फेऱ्या होतात. उरलेलं थोडंसं मोठ्या आतड्यात घसरतं, आणि तिथे माणसाच्या अंगातल्या सुमारे 38 लाख कोटी जंतूंपैकी बहुतेक सगळे वस्तीला असतात. यकृतानं पित्ताम्लाला जोडलेला अमिनो आम्लाचा तुकडा ते आधी कापून टाकतात. हे काम अनेक जातींना जमतं. पुढची करामत मात्र मोजक्याच जातींना येते. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स हा त्यातला एक. तो कोलिक आम्ल या यकृतात बनलेल्या पित्ताम्लातला ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक गट काढून टाकतो आणि तयार होतं डीऑक्सिकोलिक आम्ल. हे आपलं शरीर स्वतः बनवत नाही. तरीही ते शोषलं जाऊन आपल्या पित्तात मिसळतं, आणि पित्ताम्लांच्या एकूण साठ्यात त्याचा वाटा साधारण पाचवा हिस्सा असतो. मला हे वाचलं तेव्हा विलक्षण वाटलं: आपल्या पित्ताम्लांचा पाचवा हिस्सा जंतूंच्या हातून गेलेला असतो.

हा वाटा वाढला की बिघडतं. डीऑक्सिकोलिक आम्ल यकृतातून जास्त कोलेस्टेरॉल पित्तात ओढून आणतं आणि स्फटिक धरण्याचा वेगही वाढवतं. 1990 च्या दशकात जर्मनीत खड्यांच्या काही रुग्णांमध्ये हे जंतू जास्त सापडले. त्यांना प्रतिजैविक दिल्यावर डीऑक्सिकोलिक आम्ल घटलं आणि पित्तातली कोलेस्टेरॉलची दाटीही उतरली. पण म्हणून खड्यांवर कुणी अँटिबायोटिक घेऊ नये. ते बंद केलं की जंतू परततात, आणि मधल्या काळात उपयोगाचे जंतूही मारले जातात.

2022 साली चीनमधून आलेला प्रयोग आणखी पुढचा होता. खडे असलेल्या माणसांच्या विष्ठेतले जंतू अशा उंदरांच्या पोटात सोडले ज्यांना सहसा खडे होत नाहीत. स्निग्ध खाद्यावर ठेवलेल्या त्या उंदरांना खडे झाले. डीसल्फोव्हिब्रिओच्या गणातल्या जंतूंवर त्यात बोट ठेवलं गेलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि खाद्यही मुद्दाम तसं दिलेलं होतं, हे विसरून चालणार नाही.

आमच्या सोलापूरकरांच्या ताटाशी याचा संबंध वेळेमुळे येतो. मोठ्या आतड्यात मळ जितका रेंगाळेल तितका जंतूंना पित्ताम्लं बदलायला वेळ मिळतो. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या केनेथ हीटन यांनी 1993 साली दाखवलं की वजन बेताचं असूनही खडे झालेल्या बायकांचं आतडं संथ चालत होतं. त्याआधी त्यांच्याच गटाला दिसलं होतं की आहारात गव्हाचा कोंडा वाढवला की पित्तातलं डीऑक्सिकोलिक आम्ल कमी होतं. दुसराही धागा आहे: आहारातले तंतू (फायबर) मोठ्या आतड्यात आंबले की ते थोडं आम्लधर्मी होतं, आणि डीऑक्सिकोलिक बनवणारं जंतूंचं यंत्र आंबट जागी नीट चालत नाही. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मालदांडीची भाकरी, कडक भाकरी, न चाळलेल्या कणकेची पोळी, या साऱ्यांकडे मी आता याच नजरेनं बघते. झालेला खडा भाकरीनं विरघळत नाही, तो विचार कुणी करू नये.

सगळेच खडे आत्याच्या खड्यांसारखे पिवळे नसतात. काळे खडे रक्तातल्या तांबड्या पेशी जास्त फुटण्याशी किंवा यकृताच्या जुन्या आजाराशी जोडलेले असतात. तपकिरी खडे मात्र थेट जंतूंचे. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू पित्तनलिकेत शिरला की तो बिलिरुबिनला (पित्तातल्या पिवळ्या रंगद्रव्याला) विद्राव्य ठेवणारी जोडणी कापतो आणि बिलिरुबिन कॅल्शियमबरोबर गाळासारखं बसतं. जपानच्या माकी यांनी 1966 साली ही यंत्रणा मांडली.

आत्याचा पाण्यावरचा राग पूर्ण वाया जाऊ नये म्हणून एक गोष्ट सांगते. टायफॉइडचा जंतू दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतो, आणि काही जणांच्या पित्ताशयात कायमचा मुक्काम करतो. खडा असेल तर त्याच्या पृष्ठभागावर तो बुळबुळीत थर करून राहतो, त्यामुळे औषधं पोचत नाहीत. माणूस ठणठणीत दिसतो आणि रोग पसरवत राहतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच वाहक होती. तिला एकूण 26 वर्षं विलगीकरणात काढावी लागली. काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावात पाणी बॅरलमध्ये साठतं, तेव्हा क्षारांपेक्षा या जंतूची काळजी जास्त करावी.

ऑलिव्ह तेल, लिंबू आणि सफरचंदाचा रस पिऊन खडे पडतात असा मेसेज घरोघरी फिरतो. शौचातून पडणारे ते हिरवे गोळे बहुधा तेलापासूनच आतड्यात झालेले साबणासारखे गठ्ठे असतात. उर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाची गोळी खरोखर विरघळवते, पण फक्त कोलेस्टेरॉलचे लहान खडे, तेही महिनोन्‌महिने घेऊन, आणि पाच वर्षांत जवळपास निम्म्यांना ते परत होतात. त्रास न देणाऱ्या खड्यांना बहुतेक वेळा हातही लावावा लागत नाही. थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

परवा आत्यानं विचारलं, "अगं, पिशवीच काढली, आता त्या जंतूंचा काय संबंध?" संबंध वाढलाय. साठवायला जागा नसल्यानं पित्त आता दिवसभर थेंबथेंब आतड्यात उतरतं, फेऱ्या वाढतात आणि जंतूंना बदलायला जास्त पित्ताम्लं मिळतात. काही जणांना म्हणूनच ऑपरेशननंतर जेवलं की लगेच पातळ शौचाला होतं. ते 'पोट बिघडलंय' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगावं; पित्ताम्लांना आतड्यातच बांधून ठेवणारी कोलेस्टिरामिनसारखी औषधं त्यासाठी असतात.