एमबीएला जायचंय? व्हॅलिडिटीचा अर्ज पदवीच्या वर्षांतच टाका

एमबीएच्या कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी सुरू झाली की आमच्या गावच्या अभ्यासिकेत मुलं फाइल घेऊन येतात. सीईटीचे गुण बरे असतात, पदवी झालेली असते, आणि फाइलीत जात पडताळणीचा कागदच, म्हणजे व्हॅलिडिटी, नसतो. विज्ञानाची मुलं बारावीतच हा अर्ज टाकतात, कारण इंजिनिअरिंगला तो लागतो. बी.ए., बी.कॉम.ला तो कोणी मागत नाही, म्हणून तीन वर्षं कोणी सांगतही नाही.

पात्रता साधी आहे: कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी, खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४५ टक्के, शिवाय एमबीए सीईटीचे गुण. सीईटीचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. कॅपची नोंदणी वेगळी करावी लागते. व्हॅलिडिटी नसली तर उमेदवार खुल्या प्रवर्गात टाकला जातो. ४७ टक्केवाला मग पात्रच राहत नाही. 'सर, अर्जाची पावती हाये ना माझ्याजवळ,' असं पोरं सांगतात. पावतीवर सवलत मिळते ती त्या-त्या वर्षाच्या निर्णयाने, आणि मूळ प्रमाणपत्र देण्याची तारीख तरीही पाळावीच लागते.

खरा घोळ जुन्या पुराव्याचा. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, वडिलांकडच्या नातेवाइकाच्या जातीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर टीसी कुठून आणणार? मग तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीसमोर जात लिहिलेली सापडते. मागच्या वर्षी एका मुलीला पणजोबांची नोंद मिळाली: 'महादेव वल्द सदाशिव, कुनबी' (वल्द म्हणजे मुलगा). आडनाव नाही, आणि 'ण'च्या जागी 'न'. खिडकीवरच्या बाबूने कागद परत केला. पोरीने चार चकरा मारल्या, बसभाडं गेलं, वडिलांची मजुरी बुडाली. आडनाव लिहायची पद्धतच नव्हती त्या काळातला कागद आडनावासाठी परत करणं अन्यायाचं आहे. तिचं काम शेवटी जुन्या फेरफाराने झालं. त्यात महादेव, त्याचा मुलगा आणि आडनाव तिन्ही एकत्र होते. म्हणून वंशावळीतल्या प्रत्येक पिढीला जोडणारा एकेक कागद ठेवा. वडील, सख्खे काका किंवा भावाची व्हॅलिडिटी असेल तर ती सगळ्यात आधी लावा. लग्न झालेल्या मुलींनी नवऱ्याचे नव्हे, माहेरचे कागद आणावेत.

अर्जाला महाविद्यालयाचा सही-शिक्का लागतो. दुसऱ्या वर्षात तो एका दिवसात मिळतो. पदवी घेऊन बाहेर पडलात की त्याच सहीसाठी फिरावं लागतं.

नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही, ओबीसी आणि विमुक्त-भटक्यांना लागतं. २०२६-२७ च्या प्रवेशाला ते ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध हवं. फेब्रुवारीत काढलेल्या दाखल्याची मुदत अनेकदा त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपते, आणि मुलं मात्र काढल्या तारखेपासून वर्ष मोजतात. मुदतीची ओळ स्वतः वाचा. ८ लाखांच्या उत्पन्नाच्या कसोटीत शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत, हे सेतूवरच्या माणसालाही कधी कधी सांगावं लागतं.

डोमिसाईल, गुणपत्रिका, टीसी नेहमीप्रमाणे.

एक कळकळीने सांगतो. कॅपमध्ये नंबर लागला नाही की एखादा एजंट फोन करतो, 'मॅनेजमेंट कोट्यातून सीट देतो, फी स्कॉलरशिपमधून निघेल' म्हणतो. निघत नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिक्षण शुल्काची शिष्यवृत्ती कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच मिळते. अशा सीटसाठी एका बापाने बैलजोडी विकलेली मी पाहिली आहे. पैसे भरण्याआधी कॅपचं वाटपपत्र हातात आहे का, एवढं बघा.