लिंबावरची अळी आणि तिच्यावर टपलेली गांधीलमाशी
(कागदी लिंबू, मोसंबी आणि कढीपत्त्याची रोपं नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

पाऊस लागला, नवती फुटली की रोपवाटिकेत रोज एकच प्रश्न येतो: "अळी लागलीय, काय फवारू?" बहुतेकांना आम्ही "सध्या काहीच नको" असं सांगतो आणि गिऱ्हाईक नाराज होतं. त्यामागचं कारण या पत्रकात दिलं आहे.

ही अळी बहुधा लिंबू फुलपाखराची किंवा बहुरूपी फुलपाखराची असते. कधीकधी ती आपलं राज्य फुलपाखरू असलेल्या नीलवंताचीही निघते. मादी कोवळ्या पानावर एकेकटं, पिवळसर, मोहरीपेक्षाही लहान अंडं घालते. लहानपणी अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. मुंग्या त्या वासाला बिचकतात. तिचे खरे शत्रू मात्र फार बारीक असतात आणि त्यांच्यापुढे ही युक्ती फारशी चालत नाही.

पहिला शत्रू अंड्यावरच येतो. ऊसवाल्या शेतकऱ्यांना ट्रायकोकार्ड (अशा माश्यांची पिल्लं आत असलेली अंडी चिकटवलेला, शेतात लावायचा पुठ्ठा) माहीत असतं, त्यातल्याच ट्रायकोग्रामा जातीची ही गांधीलमाशी जेमतेम अर्धा मिलिमीटरची. ती फुलपाखराच्या अंड्यात स्वतःची अंडी घालते. असं अंडं काही दिवसांत काळं पडतं. काळं अंडं दिसलं तर पान खुडू नका, त्यातून बहुधा अळी निघणार नाही.

या बारीक गांधीलमाश्यांची दुसरी टोळी अळीच्या अंगात अंडी घालते. हिच्यातल्या काही माश्या अंड्यांबरोबर एक विषाणूही सोडतात. तो अळीची प्रतिकारशक्ती दाबून टाकतो, नाहीतर अळीच्या शरीराने ती अंडी मारली असती. वरून अळी पानं खात असते, आत माशीची पिल्लं तिला खात असतात. पुढे ती कातडी भोकसून बाहेर येतात आणि तिथेच बारीक कोष विणतात. सुस्त अळीला तांदळाच्या कणीसारखे दाणे चिकटलेले दिसले की लोक ते अळीची अंडी समजून चिरडतात. कृपया चिरडू नका. त्यातून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्या शोधायला तुमच्याच झाडावर फिरतील.

तिसरी आम्हाला सगळ्यात थक्क करते. टेरोमॅलस नावाची हिरवट चमकदार माशी पूर्ण वाढलेल्या अळीजवळ वाट बघत बसते. अळीने कात टाकून कोष केला आणि त्याचं कवच अजून मऊ असलं, तेवढ्यात ती आत अंडी घालते. एका कोषातून डझनावारी, कधी शंभराच्या वर माश्या बाहेर पडतात. मुलांना दाखवायला कोष बाटलीत ठेवणाऱ्यांचा हिरमोड होतो तो इथे. कोष काळपट तपकिरी पडला, दिवस उलटून गेले आणि शेवटी कवचाला टाचणीएवढं गोल भोक दिसलं, तर काम हिचं समजा. फुलपाखरू निघालं असतं तर कवच डोक्याकडून फाटलेलं दिसलं असतं. रोपात दोष नाही, बदलून मागू नका! फुलपाखरूच हवं असेल तर अंडं ताजं, पिवळं असतानाच फांदीला बारीक जाळी बांधा. तोवर माशी येऊन गेली असेल तर मात्र इलाज नाही.

या माश्या माणसाला चावत नाहीत. घरात पोळं करणाऱ्या लाल-पिवळ्या गांधीलमाशीशी त्यांची गल्लत करू नका.

आता फवारणीचं. रासायनिक कीटकनाशकाने अळीबरोबर या माश्याही मरतात. फुलपाखरू उडत येऊन पुन्हा अंडी घालतंच आणि या खेपेला त्याच्यावर पहारा नसतो. शिवाय कढीपत्ता तुम्ही फोडणीत टाकणार आहात. झाड कंबरेच्या वर गेलं असेल तर चार अळ्यांनी त्याचं काही बिघडत नाही. दहा-बारा पानांचं नवं रोप असेल तर थांबू नका, अळ्या हाताने उचलून मोठ्या लिंबावर किंवा बेलावर सोडा. पूर्ण कुंड्यांची रांगच खाल्ली जात असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी.

कोथिंबीर, शेपू किंवा बडीशेपेची दोन रोपं शेजारी फुलू द्या. मोठ्या झालेल्या माश्या त्यांच्या मधावर जगतात. ट्रायकोकार्ड आम्ही विकत नाही, बाल्कनीतल्या दोन कुंड्यांसाठी ते लागतही नाही.

शंका असेल तर पानाच्या दोन्ही बाजूंचा आणि कोषाचा जवळून काढलेला फोटो घेऊन या. अळी डबीत घालून आणायची गरज नाही.