रदाँचा ‘डोळा’ : एका शिळाछापाची पार्श्वभूमी

ओदिलाँ रदाँ या फ्रेंच चित्रकाराच्या 1882 सालच्या एका शिळाछापात, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रात, एक अवाढव्य डोळा बलून होऊन आकाशात चढताना दिसतो. त्याचे बुबुळ वर वळलेले आहे, पापण्यांचे केस माथ्यावर झालरीसारखे उभे आहेत आणि खाली दोरांनी टांगलेल्या तबकात माणसाच्या डोक्याचा फक्त वरचा भाग ठेवलेला आहे. क्षितिजापर्यंत सपाट पाणी पसरले आहे. हे चित्र म्हणजे केवळ स्वैर कल्पना, असे अनेकांना वाटते. पण त्यामागची वाट पाहिली की हे स्वप्न किती डोळस अभ्यासावर उभे आहे, हे लक्षात येते.

रदाँचा जन्म 1840 मध्ये बोर्दो येथे झाला आणि त्याचे बालपण मेदोक भागातील पेरलेबाद या कुटुंबाच्या मळ्यावर, बरेचसे एकाकी गेले. बोर्दोतच वनस्पतिशास्त्रज्ञ आर्माँ क्लाव्हो यांच्याशी त्याचा स्नेह जुळला. वनस्पती आणि प्राणी यांच्या सीमारेषेवरील सूक्ष्म जीवसृष्टीची ओढ त्याला त्यांच्यामुळे लागली. बीज, पेशी आणि डोळा एकमेकांत मिसळून जाणारे त्याचे आकार मला तरी याच शिकवणुकीचे फळ वाटतात. अम्लरेखनाचे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापण्याचे, धडे त्याने रोदोल्फ ब्रेदँ या विक्षिप्त, दारिद्र्यात जगलेल्या कलावंताकडे गिरवले. 1870 च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात तो सैनिक म्हणून लढला आणि त्यानंतरच्या दशकात कोळशाने काढलेल्या काळ्या चित्रांत, म्हणजे ज्यांना तो ‘नुआर’ म्हणत असे त्यांत, पुरता रमला. बलून हे त्या काळचे ओळखीचे दृश्य होते : याच युद्धात वेढ्यात सापडलेल्या पॅरिसमधून टपाल बलूननेच बाहेर जात असे, आणि 1878 च्या पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनाच्या वेळी तिथल्या त्वीलरी राजवाड्याच्या प्रांगणात दोराने बांधलेला एक प्रचंड बलून लोकांना वर नेत असे. डोळ्याच्या बलूनचे त्याचे कोळशाचे चित्रही 1878 चेच आहे.

कोळशाच्या चित्राची प्रत मात्र एकच असते. ही अडचण सोडवली ती आँरी फाँताँ-लातूर या चित्रकार मित्राने : विशेष कागदावर तेलकट खडूने रेखाटन करून ते थेट दगडावर उतरवण्याची पद्धत त्याने रदाँला दाखवली. आपल्याकडे शिळाछाप पोथ्या आणि रविवर्म्याच्या छापखान्यातील देवदेवतांची चित्रे ज्या दगडी छपाईने घरोघर पोहोचली, तीच ही विद्या. रदाँने मात्र तिच्यातून रंग न काढता मखमली, खोल काळा काढला. ‘स्वप्नात’ हा त्याचा पहिला संच 1879 मध्ये अवघ्या 25 प्रतींत निघाला आणि 1882 मध्ये ‘एडगर पो यांस’ हा, अमेरिकन कथालेखक व कवी पो याला अर्पण केलेला, 6 चित्रांचा संच 50 प्रतींत. डोळ्याचे चित्र या दुसऱ्या संचातले आहे.

फ्रेंच कवी बोदलेरच्या अनुवादांमुळे पो तेव्हा फ्रान्समध्ये आदराने वाचला जात होता, त्यामुळे ते नाव लोकांना खेचणारे होते. परंतु चित्रांखालच्या ओळी पोच्या नसून रदाँच्याच आहेत, आणि चित्रे पोच्या एखाद्या कथेची चित्रणे म्हणून पाहणे मला रदाँवर अन्याय करणारे वाटते. 1884 मध्ये ह्युइस्मान्स या लेखकाने आपल्या कादंबरीच्या नायकाच्या घरात रदाँची चित्रे टांगली आणि तरुण साहित्यिकांत त्याचे नाव झाले. वास्तवापेक्षा सूचकतेला आणि स्वप्नाला महत्त्व देणाऱ्या प्रतीकवादी साहित्यिकांचा जाहीरनामा त्यानंतर, 1886 मध्ये आला.

1890 च्या दशकात रदाँ हळूहळू पेस्टल आणि तैलरंगांकडे वळला. 1897 मध्ये पेरलेबाद विकले गेले आणि 1899 च्या ‘संत योहानाचे प्रकटीकरण’ या संचानंतर त्याने शिळाछापांचा मोठा संच पुन्हा काढला नाही.