फ्लॉपी बदलणं सोपं, तार बदलणं अवघड

संगणकावर ‘सेव्ह’ची खूण म्हणून जी चौकोनी आकृती दिसते, ती साडेतीन इंची फ्लॉपी, म्हणजे माहिती साठवायची जुनी चुंबकीय चकती. तिच्या आधीची सव्वापाच इंची फ्लॉपी कागदी पाकिटात असायची आणि हातात धरली की खरोखरच लवायची. सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युनी मेट्रोत ती अजून नोकरीला आहे. मार्केट स्ट्रीटखालच्या बोगद्यात गाड्या चालवणारा संगणक रोज सकाळी फ्लॉपीवरून आपला डॉस या जुन्या संगणकप्रणालीच्या जमान्यातला प्रोग्रॅम वाचून घेतो, मगच कामाला लागतो. अशा एका फ्लॉपीत फार तर १.२ मेगाबाइट मावतात. मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात बसत नाही.

या बातमीवर जगभर हसून झालं. पण फ्लॉपी हा त्या यंत्रणेचा सगळ्यात किरकोळ आजार आहे. चुंबकीय थर जुना होत जातो, एखाद्या सकाळी वाचताच येणार नाही ही भीती खरी आहे; तरी तिच्या जागी दुसरं साठवणीचं साधन बसवणं काही आकाशातून तारे आणणं नव्हे. खरं दुखणं रुळांच्या मधोमध पसरलेलं आहे.

आधी या गाड्यांचं दुहेरी आयुष्य समजून घेऊ. म्युनी १९१२ सालची. ट्विन पीक्स टेकडीखालचा बोगदा १९१८ मध्ये सुरू झाला, मार्केट स्ट्रीटखालचा १९८० मध्ये. उपनगरांतल्या रस्त्यांवर ही गाडी म्हणजे ट्रामच: मोटरमन मोटारींच्या गर्दीतून वाट काढतो, लाल दिव्याला थांबतो. बोगद्यात शिरली की तीच गाडी मेट्रो होते. वेग आणि ब्रेक संगणकाच्या हाती जातात, मोटरमन दरवाजे सांभाळतो आणि लक्ष ठेवतो. के, एल, एम हे मार्ग पश्चिमेकडच्या तोंडातून आत येतात, जे आणि एन वाटेतल्या दुसऱ्या तोंडातून. पाच रस्त्यांवरचा सगळा उशीर एकाच जोडरुळावर येऊन साचतो.

मग दोन गाड्यांत अंतर किती ठेवायचं? उभ्या प्रवाशांचा तोल जाऊ नये इतपत ब्रेक लावला, म्हणजे दर सेकंदाला वेग ताशी सुमारे सव्वाचार किलोमीटरने कमी केला, तर ताशी २० किलोमीटरने जाणारी गाडी १३ मीटरांत थांबते. वेग दुप्पट, ताशी ४० केला की लागतात सुमारे ५२ मीटर. चौपट! जुन्या पद्धतीत रुळांचे ठरावीक तुकडे पाडत आणि एका तुकड्यात एकच गाडी सोडत. पुढची गाडी तुकड्याच्या अगदी टोकाला असली तरी मागचीने बाहेर ताटकळायचं. १९९८ साली बसवलेल्या या फ्लॉपीवाल्या यंत्रणेने हे तुकडे काढून टाकले. प्रत्येक गाडी नेमकी कुठे आहे ते संगणकाला कळतं आणि तिच्यामागचं मोकळं ठेवायचं अंतर तिच्याबरोबरच सरकतं.

‘नेमकी कुठे’ हे कळण्याची युक्ती मला फार आवडते. रुळांमध्ये एका तारेचं लांबलचक वेटोळं अंथरलेलं असतं आणि त्याच्या दोन बाजू दर २५ मीटरांवर एकमेकींना ओलांडतात. गाडीच्या पोटाखालचा अँटेना त्या फुलीवरून गेला की संकेत उलटतो. गाडी फुल्या मोजत जाते. मधल्या अंतरासाठी चाकाचे फेरे मोजायचे. पण चाक झिजतं. घेर एक टक्क्याने कमी झाला, तर किलोमीटरभरात हिशेब दहा मीटरांनी चुकेल. दर २५ मीटरांवर फुली भेटते म्हणून ही चूक पाव मीटरच्या पुढे जाण्याआधीच पुसली जाते. जीपीएस बोगद्यात पोचत नाही. तिथे हे मैलाचे दगड चोख काम करतात.

मात्र याच तारेवरून गाडी आणि संगणक बोलतातही, आणि तो संवाद जुन्या डायल-अप मोडेमपेक्षाही संथ. तार नाजूक आहे, रुळांच्या डागडुजीत सहज दुखावते. बोगद्याच्या तोंडाशी एखाद्या गाडीचं संगणकाशी जुळलंच नाही, तर ती हाताने चालवावी लागते, मागेपुढे बरीच मोकळी जागा सोडून, आणि मागची रांग वाढत जाते. यंत्रणेचं आयुष्य २० ते २५ वर्षं धरलेलं होतं. ते संपलं. तिची भाषा जाणणारे प्रोग्रॅमरही निवृत्त होऊ लागले आहेत.

२०२४ च्या ऑक्टोबरात शहराच्या वाहतूक संस्थेने २१.२ कोटी डॉलरचं काम हिताची रेलला दिलं. आता तारेऐवजी वाय-फाय आणि मोबाइलसारख्या लहरींवरून बोलणं होईल आणि रस्त्यावरच्या गाड्याही संगणकाच्या नजरेत येतील. बोगद्याच्या तोंडाशी कोण कधी पोचतंय हे आधीच कळलं, तर जोडरुळावरची खेचाखेची सुटू शकते. माझ्या मते सगळ्या खर्चाचा खरा मोबदला हाच आहे. गाड्या तर आधीच बदलायला घेतल्या होत्या. सीमेन्सचे नवे डबे २०१७ पासून धावताहेत. पण नवा डबासुद्धा बोगद्यात त्या जुन्या तारेचंच ऐकतो.

आणि घाई करता येत नाही. हीच यंत्रणा १९९८ च्या ऑगस्टमध्ये कामाला लागली, तेव्हा बोगद्यात गाड्या अडकून शहराची दाणादाण उडाली होती. धावती गाडी न थांबवता तिचा मेंदू बदलायचा, तर काही काळ दोन्ही मेंदू शेजारीशेजारी ठेवावे लागतात. नव्या यंत्रणेची चाचणी घ्यायला मिळतात ते शेवटची गाडी गेल्यानंतरचे मोजके तास. पहाटे चाचणी आवरायची, ताबा जुन्या संगणकाकडे परत द्यायचा, आणि पहिली गाडी सुटण्याआधी फ्लॉपी आत सरकवायची.