रीडिंग फ्रेम: वाचायला सुरुवात कुठून करायची?

कमलगगननयनभवन. तीन-तीन अक्षरं पाडून वाचलं की कमल, गगन, नयन, भवन. आता पहिला क सोडून सुरू करा: मलग, गनन, यनभ... अक्षरं तीच, पण अर्थ गेला. जीनचंही (म्हणजे प्रोटीन कसं बनवायचं ते लिहिलेल्या डीएनएच्या तुकड्याचंही) असंच, मध्ये स्पेस नाही की स्वल्पविराम नाही, कुठून मोजायला लागलो त्यावर प्रोटीन कुठलं बनणार ते ठरतं. यालाच रीडिंग फ्रेम म्हणतात.

१९५७ मध्ये क्रिक, ग्रिफिथ आणि ऑर्गेल या शास्त्रज्ञांना वाटलं होतं की निसर्गाने अशी डिक्शनरी केली असेल जिच्यात चुकीच्या जागेवरून वाचलं तर शब्दच तयार होणार नाही. असे शब्द जास्तीत जास्त किती बसतात तर बरोब्बर २०, आणि अमिनो ॲसिडही (प्रोटीनच्या साखळीतले मणी, एका शब्दाला एक मणी) २०च! मला तर अजूनही ही आयडिया फार सुंदर वाटते, पण ती साफ चुकीची निघाली. त्यात यूयूयू हा शब्द चालतच नव्हता (यू हे आरएनएचं, म्हणजे जीनच्या नकलेचं, एक अक्षर; कुठूनही वाचा, सारखाच) आणि १९६१ च्या मे महिन्यात निरेनबर्ग आणि मथाई यांनी नुसत्या यू-यू-यू च्या आरएनएपासून फेनिलॲलनिन या अमिनो ॲसिडची साखळी बनवून दाखवली.

मग फ्रेम आहे हे कळलं कसं? तर त्याच वर्षी केंब्रिजमध्ये क्रिक, लेस्ली बार्नेट, ब्रेनर आणि वॉट्स-टोबिन यांनी टी४ नावाचा बॅक्टेरियावर जगणारा व्हायरस घेतला आणि प्रोफ्लेविन हे रसायन वापरलं, त्याने डीएनएमध्ये एखादं अक्षर वाढतं नाहीतर गळतं. अशा बदलांच्या एका जातीला त्यांनी अधिकची खूण दिली, दुसरीला उण्याची, खरं तर कोणती वाढीची आणि कोणती गळतीची हे त्यांनाही माहीत नव्हतं. एक अधिक, जीन बंद. दोन अधिक, तरी बंद. एक अधिक एक उणे जवळजवळ असले की पुन्हा चालू. आणि तीन अधिक एकत्र आणले तर? चालू! म्हणजे शब्द तीन अक्षरांचा, आणि मोजणी एका ठरावीक जागेपासून. एकही अक्षर प्रत्यक्ष न वाचता, नुसतं डिशमध्ये बॅक्टेरिया मेल्याचे डाग पडले की नाही एवढं बघून हे शोधलं, याचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे.

पुढे हरगोविंद खुराना यांनी यूयूसी-यूयूसी असा रिपीट होणारा आरएनए बनवला आणि त्यातून तीन वेगवेगळ्या साखळ्या निघाल्या, एक फेनिलॲलनिनची, एक सेरिनची, एक ल्युसिनची. धागा एकच, फ्रेम तीन! प्रत्यक्ष पेशीत ही सुरुवात बहुतेक वेळा एयूजी या शब्दावर होते.

निसर्ग तर याचा फायदाही घेतो. फाय-एक्स-१७४ या छोट्याशा व्हायरसचा अख्खा डीएनए सँगरच्या टीमने १९७७ मध्ये वाचला, जेमतेम ५,४०० अक्षरं, त्यात ई जीन चक्क डी जीनच्या पोटात बसलेला. डीच्या फ्रेमने वाचलं तर व्हायरसचं कवच जुळवायला मदत करणारं प्रोटीन, आणि तीच अक्षरं ईच्या फ्रेमने वाचली तर बॅक्टेरिया फोडून बाहेर पडायचं प्रोटीन.