लॅमिंग्टनच्या जंगलात तंबू ठोकायचाय? आधी व्हिसा, मग परमिट, आणि बूट घासून

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या दक्षिणेला, डोंगरमाथ्यावर लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यान आहे. 1915 साली घोषित झालेलं हे उपोष्ण वर्षावन आज गोंडवाना वर्षावनांच्या जागतिक वारशात मोडतं. अंटार्क्टिक बीच (beech) या जातीची जुनाट झाडं इथे बघायला मिळतात. सह्याद्रीत भटकणाऱ्याने एकदा तरी जावं अशी ही जागा.

उद्यानात शिरायला पैसे लागत नाहीत. मुक्कामाला मात्र लागतात, आणि त्याआधी लागतो व्हिसा. भारतीय पासपोर्टवर सबक्लास 600 हा पर्यटक व्हिसा ऑनलाइन मागायचा. पासपोर्ट, फोटो, बँक स्टेटमेंट, नोकरी असेल तर रजा मंजुरीचं पत्र, शिवाय परत येण्याची कारणं दाखवणारे कागद जोडा. सातबारा किंवा इतर मराठी कागद जोडणार असाल तर सोबत इंग्रजी भाषांतर हवंच. बायोमेट्रिकसाठी बोलावणं आलं तर जावं लागतं. व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत रानात मुक्काम करायचं कॅम्पिंग परमिट क्वीन्सलँड राज्याच्या उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर, जाण्याआधीच काढायचं. उद्यानातल्या ग्रीन माउंटन्सचं कॅम्पग्राउंड मात्र ओ'रायलीज ही खासगी संस्था चालवते, बुकिंग त्यांच्याकडेच. बिना बुरा भागातलं कॅम्पग्राउंडही खासगी आहे, तिथलं बुकिंग वेगळं. आत खोलवर रानात राहायला फेब्रुवारी ते नोव्हेंबर एवढीच मुभा आहे. बुकिंग क्रमांकाचा टॅग तंबूवर दिसेल असा लावायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उतरताना भरायच्या प्रवासी घोषणापत्रात माती लागलेले बूट, तंबू आणि खाण्याचे पदार्थ लपवू नका. राजगडची लाल माती तळव्याच्या खाचांत वाळून बसलेली असते, नुसत्या पाण्याने जात नाही. जुन्या टूथब्रशने एकेक खाच घासा, तंबूचे खुंटेही धुवा. परकी माती आणि बी तिथल्या जंगलाला खरंच घातक ठरू शकतं, म्हणून हा त्रास घ्यावा. जाहीर केलेल्या वस्तूबद्दल दंड होत नाही, फार तर ती ठेवून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो.

शेकोटीला बंदी आहे, तेव्हा गॅसचा स्टोव्ह लागेल. सिलेंडर विमानात चालत नाही, तिकडेच विकत घ्या. कॅनुंग्रा गाव सोडलं की मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. कुठली वाट, कधी परत, हे कुणाला तरी आधी सांगून ठेवा. 21.4 किलोमीटरची बॉर्डर ट्रॅक ही वाट एका दिवसात होते, पण पहाटे निघालात तरच.